माणगाव खोऱ्यात जाताय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सोलापूरचं, सासर सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यातलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही राहतो सोलापुरातच, पण गणपतीला, मे महिन्यात आणि घरात काही कार्य निघालं की गावी जाणं होतंच. त्यामुळे ओळखीतलं कुणी त्या बाजूला निघालं की आधी मला विचारतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

हे खोरं नेमकं कुठे आहे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्याच्या पूर्व टोकाला. सह्याद्री इथे अर्धगोलात उभा आहे आणि त्याच्या कुशीत माणगाव, वाडोस, मोरे, निळेली, हळदीचे नेरूर, उपवडे, वसोली, दुकानवाड, आंजिवडे, शिवापूर अशी गावं विखुरलेली आहेत. पश्चिमेची बाजू तेवढी मोकळी. इथलं पाणी कर्ली नदीतून वाहत देवबागजवळ समुद्राला मिळतं. डोंगरावर पडलेला थेंब दिवसभरात समुद्रात पोचावा, एवढंच ते अंतर.

नावाचा घोळ मात्र आधी समजून घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात एक माणगाव आहे. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे ते तिथलं. हातकणंगले तालुक्यात दुसरं माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या परिषदेत एकत्र आले, ती तिथली. हे दुसरं माणगाव आपल्या सोलापूर-कोल्हापूर वाटेच्या जवळच पडतं, आणि फोनवर नुसतं 'माणगाव' टाकलं की नकाशा तिकडे वळवू शकतो. आमच्या एका भाच्याची गाडी अशीच वळली होती. म्हणून 'माणगाव, कुडाळ' असं पूर्ण टाका.

सोलापूरहून कसं जायचं?

स्वतःची गाडी असेल तर मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज करत कोल्हापूर गाठायचं. तिथून निपाणी, आजरा, आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी. सावंतवाडीहून माणगाव जवळच आहे. सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. जेवणखाण, चहापाणी धरून नऊ-दहा तास हाताशी ठेवा. पहाटे पाचला सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून निघालात तर संध्याकाळच्या उजेडात खोऱ्यात पोचता, आणि उजेडात पोचणं महत्त्वाचं आहे.

आमचा नेम असा, की जयसिंगपूरला आलं की नरसोबाच्या वाडीकडे थोडी वाकडी वाट करायची. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय धुतले की पुढचा प्रवास जड वाटत नाही. वाडीचा आणि आपण जातोय त्या माणगावचा संबंध पुढे दत्तमंदिराच्या प्रश्नात सांगितला आहे.

दुसरे रस्ते म्हणजे राधानगरीवरून फोंडा घाट, किंवा गगनबावड्यावरून करूळ नाहीतर भुईबावडा घाट. हे घाट दुरुस्तीसाठी किंवा दरड कोसळून अधूनमधून बंद असतात, म्हणून निघायच्या दिवशी चौकशी करूनच ठरवा.

नकाशात गारगोटी-पाटगाववरून खोऱ्यात उतरणारी जवळची वाट दिसते. ती का सांगत नाही?

कारण तिच्यावर गाडीचा भरवसा धरता येत नाही. पाटगाव घाटमाथ्यावर, आमचं आंजिवडे बरोबर त्याच्या पायथ्याशी. पूर्वी माणसं आणि ओझ्याची जनावरं या वाटेने ये-जा करत, आणि इथे पक्का घाटरस्ता व्हावा ही मागणी माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणापासूनची आहे. कागदावर अंतर कमी दिसतं म्हणून संध्याकाळच्या वेळी तिकडे घुसू नका. पाटगाव मधासाठी प्रसिद्ध आहे, ते पाहायला वेगळा दिवस काढून जा.

एसटीने किंवा रेल्वेने जमतं का?

एसटीने जमतं. सोलापूर स्टँडवरून कोल्हापूर, कोल्हापूरहून सावंतवाडी किंवा कुडाळ, आणि कुडाळहून खोऱ्यातली गाडी. शेवटचा टप्पा नीट समजून घ्या. आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. संध्याकाळची शेवटची गाडी म्हणजे वस्तीची गाडी. ती रात्री गावातच मुक्कामाला राहते आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुलं, दूध, भाजीच्या टोपल्या घेऊन परत कुडाळला जाते. ती चुकली तर रिक्षा करावी लागते, नाहीतर रात्र कुडाळात काढावी लागते. वेळापत्रक शाळेच्या सुट्ट्यांत बदलतं, म्हणून कुडाळ स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी विचारून घ्या.

सोलापूरहून कुडाळला थेट रेल्वे नाही. पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे एसटी धरणारे लोक मला माहीत आहेत. म्हाताऱ्या माणसांना ते सोयीचं पडतं. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झालं. तो पर्याय घेणार असाल तर त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहूनच पुढची आखणी करा.

कधी जावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपा काळ. भातकापणी उरकलेली असते, रस्ते कोरडे, पहाटे धुकं, दुपारी कोवळं ऊन. याच दिवसांत गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री उशिरा दशावतार उभा राहतो. पेटी, पखवाज आणि झांज यांच्यावर रात्रभर चालणारं नाटक, संवाद बरेचसे तिथल्या तिथे रचलेले, आणि उजाडता उजाडता दहीकाला. माझा धाकटा दीर म्हणतो, जत्रेत दशावतार पाहिला नाही तर कोकण पाहिलंच नाही, आणि मला ते पटतं. जत्रांच्या तारखा तिथीवर असतात. आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत संक्रांतीला असते. ती सोडून सोलापूरकर हलत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिच्या आधीचा डिसेंबर मोकळा असतो, तेव्हा जा.

मे महिन्यात घाम खूप येतो. आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, पण हवा कोरडी असते. तिथे आकडा कमी आणि घामाच्या धारा जास्त. तरीही मी मुलांना मे महिन्यातच नेते. फणस, करवंदं, जांभळं, रातांबे, ओले काजूगर हे सगळं त्याच दिवसांत. मुलं सकाळी झाडावर चढतात ती जेवायलाच उतरतात.

पावसाळ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलते. सोलापुरात वर्षभरात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपण चांगलं वर्ष म्हणतो. आंबोलीत सात हजारांच्या आसपास पडतो. हा आकडा वाचून कल्पना येत नाही. कौलांवर तो आवाज आठ आठ दिवस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, आगपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत मी हौसेने गेले. दुसऱ्या दिवशी सखल पुलावर पाणी चढलं आणि आम्ही दोन दिवस अलीकडच्या गावात, नवऱ्याच्या दूरच्या आत्याकडे अडकलो. मी रडकुंडीला आले होते. आत्या शांतपणे म्हणाल्या, 'पाणी उतरात तेवा जातलंव.' त्यांनी आम्हाला कुळथाची पिठी आणि भात वाढला आणि झोपायला घोंगड्या दिल्या. पूल पाण्याखाली गेला की त्यावरून गाडी घालायची नाही, पायीसुद्धा जायचं नाही. थांबायचं. गावचे लोक थांबतात, त्यांना पाण्याची ओढ कळते.

धबधबे, ढग, हिरवा रंग बघायचा असेल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. पाऊस उतरणीला लागलेला असतो, भात लोंब्यांनी भरलेलं असतं, आणि नद्या ओलांडता येतात.

गणपतीत पाहुणा म्हणून बोलावलं असेल तरच जा. घरोघरी मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, रस्ते गच्च, खोल्या नाहीत. बोलावलं असेल तर सोडू नका. गणपतीच्या वर माटवी बांधतात, तिला रानातली फळं, फुलं, कंगली, कवंडाळं, नारळ, सुपाऱ्या टांगतात. प्लास्टिकच्या माळांनी सजवलेला मखर पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ती एकदा दाखवायलाच हवी.

आंबोली घाट रात्री उतरला तर चालेल का?

नको. धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. उशीर झाला तर आजऱ्याला किंवा आंबोलीत मुक्काम करा.

राहायची सोय काय?

माणगावला दत्तमंदिराचं भक्तनिवास आहे, ते आधी फोन करून ठरवा. गुरुवारी आणि उत्सवाच्या दिवसांत जागा मिळणं अवघड असतं. कुडाळ आणि सावंतवाडीत लॉज भरपूर. आतल्या गावांत काही घरांनी पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या काढल्या आहेत. तिथे राहिलात तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल, कारण पैसा खोऱ्यात राहतो आणि तुम्हाला घरचं जेवण मिळतं. पण तिथे हॉटेलसारखी अपेक्षा ठेवू नका. दोन दिवस आधी कळवा, किती माणसं आणि कोण काय खात नाही ते सांगा, म्हणजे घरची बाई बाजार करून ठेवते. सांगितलेल्या दरात घासाघीस करू नका. त्या दरात पहाटे चारला उठून आंबोळ्या घालणंही आलं.

दत्तमंदिराबद्दल थोडं सांगा. आम्ही अक्कलकोट-गाणगापूर करणारे आहोत.

मग तुम्ही अर्धे माणगावचेच. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांचा जन्म १८५४ साली याच माणगावात झाला. वासुदेव गणेश टेंबे हे त्यांचं पूर्वाश्रमीचं नाव. वाडीला, गाणगापूरला जो 'दिगंबरा दिगंबरा' जप आपण कानांत साठवून घरी आणतो, तो त्यांनीच दिला. माणगावचं दत्तमंदिरही त्यांनीच उभं केलं आणि नंतर संन्यास घेऊन ते देशभर पायी फिरले. १९१४ साली नर्मदेकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला.

माझी आई दर पौर्णिमेला गाणगापूरला जायची. माझं स्थळ माणगावकडचं आलं तेव्हा बाबा अंतर ऐकून नको म्हणत होते. आईने गावाचं नाव ऐकलं आणि होकार दिला. म्हणून हे मंदिर माझ्यासाठी देवदर्शनापेक्षा जास्त काहीतरी आहे.

मंदिर साधं आहे. मोठी गर्दी, रांगेचे कठडे, दुकानांच्या ओळी यांची अपेक्षा करू नका. दुपारी प्रसादाला बसा, पानात काही टाकू नका. जवळच्या टेकडीवर स्वामींची ध्यानाची गुंफा आहे, तिथे आवाज न करता बसावं. ग्रामदेवता यक्षिणी देवीचं मंदिरही गावातच आहे. गावचे लोक आधी तिला नमस्कार करतात, मग पुढे जातात. तुम्हीही तसंच करा.

जेवण आपल्याला मानवेल का? आम्हाला भाकरी लागते.

भाकरी मिळते, पण तांदळाची. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवी असेल तर डबा इथूनच न्या. उकडा तांदूळ सुरुवातीला जाड वाटतो, वासही वेगळा. सकाळी त्याचीच पेज, सोबत खोबऱ्याची चटणी नाहीतर लोणच्याची फोड. दोन दिवसांनी पोटाला तीच बरी वाटायला लागते.

शाकाहारी माणसाची अडचण होईल असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं, कच्च्या फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी, घावणे, आंबोळ्या, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, वर सोलकढी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू आणि सुरुवातीच्या गडगडाटानंतर उगवणारी अळंबी. अळंबी स्वतः उपटून आणू नका, विषारी कोणती ते गावातल्या जाणत्या बाईलाच कळतं.

मांसाहारी असाल तर वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मटण-कोंबडीचा रस्सा मागा. मासे खोऱ्यात रोज ताजे येतातच असं नाही. समुद्र जवळ असला तरी मधे डोंगराळ रस्ता आहे. मासेवाली ज्या दिवशी येईल तो दिवस माशांचा.

एक गोष्ट आपल्या लोकांना खटकते, ती म्हणजे तिखट. आपला काळा मसाला, लाल तिखट यांच्यापुढे तिथलं वाटप सौम्य आणि खोबऱ्याचं. पहिल्याच घासाला 'मीठ-मिरची नाही' असं म्हणू नका. वाढणाऱ्याला ते लागतं.

भाषा कळेल का? लोकांशी कसं बोलायचं?

मालवणी पहिल्या दिवशी निम्मी कळते, तिसऱ्या दिवशी सगळी. 'खंय जातंस?' म्हणजे कुठे जातोस. 'बरां आसां मां?' म्हणजे बरं आहे ना. तुम्ही शुद्ध मराठीत बोललात तरी त्यांना कळतं, पण एक-दोन शब्द त्यांचे वापरलेत तर चेहरे खुलतात.

तिथे मोठ्या माणसालाही प्रेमाने 'तू' म्हणतात. नवऱ्याने आपल्या सत्तर वर्षांच्या काकांना 'तू जेवलंस?' असं विचारलेलं ऐकून माझ्या बाबांना धक्का बसला होता. तो अनादर नाही. पण पाहुण्याने मात्र 'तुम्ही'च म्हणावं. पुरुषांना काका, आजोबा, बायकांना काकी, आजी, तरुण बायकांना वहिनी किंवा ताई. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस 'कोणाकडे इलात?' असं विचारेल. ती चौकशी संशयाने केलेली नसते. खोऱ्यात माणूस म्हणजे कुणाच्या तरी घरचा माणूस. तुम्ही ज्यांच्याकडे उतरलात त्यांचं नाव आणि वाडी सांगा, की पुढची वाट तेच दाखवतात, बहुतेक वेळा सोबत चालत येतात.

घरात शिरताना पायरीवर चप्पल काढा, खळ्यातून थेट स्वयंपाकघराकडे जाऊ नका. खळं म्हणजे अंगण. शेणाने सारवलेलं असेल तर त्यावरून बुटांनी चालू नका, त्यामागे कुणाची तरी अख्खी सकाळ गेलेली असते.

देवराईत, जत्रेत काय पाळायचं?

देवराईतून पानसुद्धा आणायचं नाही. वाळकी काटकी, सुंदर दगड, फूल काहीच नाही. रवळनाथ, सातेरी ही देवस्थानं गावाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहेत. सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते, त्यामुळे झाडीतलं वारूळ हे नुसतं मातीचं ढेकूळ समजून त्याला काठी लावू नका. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावचे लोक एकसुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुम्ही मागे उभे राहा आणि तुम्हीही म्हणा. मोबाईल वर करून चित्रीकरण करायचं असेल तर मानकऱ्यांना आधी विचारा. अंगात देव येतो त्या वेळी तर अजिबात नको. मागे एक सहल बस घेऊन आली होती. तिच्यातल्या मुलांनी अशा वेळी हसत चित्रीकरण केलं आणि जाताना ओढ्यात प्लास्टिकच्या ताटल्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या जावा त्या वेचत होत्या. मला सोलापूरची म्हणून मान खाली घालावी लागली, कारण बस आपल्याकडची होती.

गड चढता येतात का?

मनोहरगड शिवापूरच्या बाजूने चढता येतो, सावंतवाडी तालुक्यातल्या शिरशिंगेकडूनही वाट आहे. चांगली चढण आहे आणि जंगल दाट, म्हणून वाटाड्या घ्याच. त्याला चिकटून उभा असलेला मनसंतोषगड म्हणजे सरळ कडा आहे. दोरखंड आणि प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तो खालूनच बघावा. १८४४-४५ मध्ये किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध जे बंड केलं त्यात मनोहरगडही होता. शाळेत आपल्याला १८५७ शिकवतात, ही तेरा वर्षं आधीची लढाई फारशी कुणाला माहीत नसते.

रांगणा किल्ला पाहायचा असेल तर कडावलवरून नारूरला जावं लागतं. ते शेजारचं खोरं. दिवस पूर्ण लागतो.

हत्ती, साप, जळवा यांची भीती वाटते.

हत्ती कर्नाटकातून २००२ च्या सुमारास सिंधुदुर्गात उतरले. माणगाव खोऱ्यातल्या लोकांनी त्यांच्यामुळे बागा गमावल्या, रात्री जागून काढल्या. २०१५ साली खोऱ्यातून तीन हत्ती पकडले गेले. आता हत्तींचा वावर मुख्यतः दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या बाजूला असतो. गवे मात्र खोऱ्यात आहेत आणि संध्याकाळी रस्त्यावर येतात. गाडी हळू चालवा, हॉर्न वाजवून त्यांना बिथरवू नका.

साप आहेत. फुरसं लहान असतं आणि जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून जातं. रात्री बॅटरीशिवाय खळ्यातही उतरू नका, चप्पल झटकून घाला. दंश झालाच तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक यात वेळ न घालवता सरळ दवाखाना. माणगावला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे कुडाळ, आणि जिल्हा रुग्णालय ओरोसला.

जळवांना घाबरण्यासारखं काही नाही. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटतात. पावसाळ्यात चिखलात उघड्या जखमेने उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो. हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंतच्या महिन्यांत, विशेषतः सावंतवाडी-दोडामार्गकडच्या जंगलात गेलात तर गोचीड अंगावर चढते का ते तपासा. २०१६ पासून तिथे गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. आणि परत आल्यावर ताप आला तर सोलापूरच्या डॉक्टरांना 'कोकणात जाऊन आलो' हे आठवणीने सांगा.

फोन, एटीएम, पेट्रोल?

कुडाळ किंवा सावंतवाडीतच टाकी भरा, रोकड घ्या. आत शिरल्यावर फोन कधी लागतो, कधी नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे काळजी करत बसणार नाहीत.

समुद्र किती लांब?

माणगावहून वेंगुर्ल्याचा किनारा तासाभराच्या वाटेवर आहे, मालवण थोडं जास्त. पण एका दिवसात खोरं, समुद्र आणि मालवणचा किल्ला असं कोंबू नका.

एवढा पाऊस पडतो, मग एप्रिलमध्ये पाणी जपून वापरा असं का सांगतात?

हा प्रश्न मी सासूबाईंना पहिल्याच उन्हाळ्यात विचारला होता. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरून ठेवण्यात माझं बालपण गेलं. वाटलं होतं, इथे तरी सुटका. पण कोकणची जमीन जांभ्याची, उतार तीव्र, पाणी थांबतच नाही. मार्चनंतर वरच्या वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. मग बायका हंडे घेऊन व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे उतरतात. खोऱ्यात धरण व्हावं की नाही यावर टाळंबा प्रकल्पाच्या निमित्ताने अनेक वर्षं वाद आणि रखडपट्टी झाली आहे. पाण्यासाठी आपली जमीन कुणी द्यायची, हा तिथल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्याला तो परका वाटायला नको. उजनीसाठीही गावं उठली होतीच. तेव्हा उन्हाळ्यात पाहुणे म्हणून गेलात तर दोन बादल्यांत अंघोळ उरका.

तिकडे स्वस्तात जमीन मिळते का?

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आवडत नाही, पण विचारतात खूप जण. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात तुम्ही शेतकरी असावं लागतं. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला वीस-तीस नावं असतात, अर्धी मुंबईत, काही हयात नसलेली. एका भावाची सही घेऊन व्यवहार झाला आणि दुसऱ्याने दावा लावला, असं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. ज्यांच्याकडे चहा प्यायलात त्यांच्या जमिनीचा भाव पहिल्याच भेटीत विचारू नका.

मुलं आणि म्हातारी माणसं रमतील का?

मुलं रमतात, फक्त पहिला दिवस ती टीव्ही मागतात. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्या आणि घाटातली वळणं त्रासदायक आहेत. गाडी लागत असेल तर आवळासुपारी आणि पुढची सीट द्या. गुडघे दुखत असतील तर माणगावातच मुक्काम करा, शिवापूरकडे नेऊ नका.

जाताना काय न्यावं, येताना काय आणावं?

न्यायला कडक भाकरी, शेंगाचटणी, मंगळवेढ्याची ज्वारी. एखादी सोलापुरी चादर नेलीत तर वर्षानुवर्षं आठवण काढतात. आमच्या घरी माझ्या लग्नातली चादर अजून पाहुण्यांनाच काढतात. ज्या घरी आग्रहाने जेवलात तिथे हातावर पैसे ठेवू नका, ही वस्तू द्या.

आणायला आमसुलं, कोकम आगळ, उकडा तांदूळ, कुळीथ, काजू. शक्यतो माणसाच्या घरून किंवा कुडाळच्या आठवडी बाजारात बसलेल्या बाईकडून घ्या. आगळाची बाटली स्टीलच्या डब्यात उभी ठेवा, घाटात सांडली तर डाग जात नाही. आणि परत निघायच्या दिवशी सकाळी घाई करू नका. घरातली म्हातारी तुमच्यासाठी नारळ सोलत बसलेली असेल. दोन-चार असतील, पिशवीत जागा ठेवा.